दुष्टता, न्याय आणि दया (ख्रिस्ती धर्मविचार)

दुष्टता, न्याय आणि दया या ख्रिस्ती धर्मविचारातील परस्परसंबद्ध संकल्पना आहेत. देव पूर्णपणे न्यायी आणि त्याच वेळी पूर्णपणे दयाळू आहे, असे बायबल मानते. दुष्टाला शिक्षा झाली नाही तर न्याय कोठे राहिला, आणि शिक्षाच झाली तर दया कोठे राहिली, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. बायबलमधील अनेक ग्रंथ व नंतरचे धर्मशास्त्रज्ञ यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्रात या विचाराचा दीर्घ इतिहास पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः वसई ते तारापूर या पट्ट्यात आढळतो. तेथे ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासून आहे.

संज्ञा

जुन्या करारातील हिब्रू भाषेत दुष्टासाठी 'राशा' हा शब्द येतो. त्याचा मूळ संदर्भ न्यायालयाचा असून 'ज्याच्यावर दोष सिद्ध झाला तो' असा त्याचा एक अर्थ होतो. त्याच्या विरुद्ध 'त्सादिक' म्हणजे नीतिमान. न्यायासाठी दोन शब्द वारंवार जोडीने येतात. 'मिश्पात' म्हणजे न्यायनिवाडा किंवा हक्काची अंमलबजावणी, तर 'त्सेदाका' म्हणजे नात्यातील कर्तव्य पाळणारे नीतिमत्त्व. दयेसाठीही दोन शब्द आहेत. 'हेसेद' हा करारातील निष्ठेतून येणारा अढळ स्नेह होय. 'रहमीम' हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या 'रेहेम'शी संबंधित असून त्यात आईच्या मायेचा भाव आहे.

नव्या करारातील ग्रीक भाषेत 'पोनेरिया' (दुष्टता), 'दिकायोसुने' (न्याय, नीतिमत्त्व) आणि 'एलेओस' (दया) हे शब्द वापरले आहेत. 'दिकायोसुने' या एकाच शब्दात न्याय आणि नीतिमत्त्व हे दोन्ही अर्थ असल्याने मराठी भाषांतरकारांना प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ घ्यावा याचा निर्णय करावा लागतो.

जुन्या करारातील मांडणी

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिला खून भावाकडून भावाचा होतो. काइन हाबेलला मारतो. देव त्याला भूमीवरून परागंदा करतो, पण कोणी त्याला ठार मारू नये म्हणून त्याच्यावर संरक्षणाची खूणही करतो. शिक्षा आणि रक्षण एकाच निवाड्यात येण्याचे हे बायबलमधील पहिले उदाहरण मानले जाते.

सदोम नगराच्या कथेत अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश होणे न्यायाचे नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. पन्नास नीतिमानांपासून सुरू झालेली ही विनवणी दहापर्यंत खाली येते. येथे दयेची मागणी न्यायाच्याच नावाने केली जाते.

दावीद राजाच्या कथेत दुष्टता सत्ताधाऱ्याच्या ठायी दिसते. उरीयाची पत्नी बथशेबा हिचा अभिलाष धरून दावीद उरीयाला युद्धात मारवतो. नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगतो. दावीद संतापून त्या श्रीमंताला दोषी ठरवतो, तेव्हा तो श्रीमंत म्हणजे दावीदच असल्याचे नाथान उघड करतो. दावीद पश्चात्ताप करतो व त्याचे प्राण वाचतात. परंतु कृत्याचे परिणाम त्याच्या घराण्याला भोगावे लागतात. क्षमा मिळाल्याने परिणाम पुसले जात नाहीत, हा या कथेतून निघणारा निष्कर्ष पुढील विचारात महत्त्वाचा ठरला.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत दुष्टतेचे स्वरूप प्रामुख्याने सामाजिक आहे. खोटी मापे, लाच घेणारे न्यायाधीश, गरिबांची गहाण पडलेली वस्त्रे आणि विधवांची लुबाडणूक यांवर आमोस व यशया कठोर टीका करतात. मीखा न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवापुढे नम्रतेने चालणे ही तीन कर्तव्ये एकत्र सांगतो. यहेज्केल दुष्टाच्या मरणात देवाला संतोष नसून त्याने मार्ग बदलून जगावे अशी देवाची इच्छा असल्याचे प्रतिपादन करतो.

या मांडणीविरुद्धचे प्रश्नही बायबलमध्येच आहेत. दुष्ट लोक सुखात का राहतात, हा प्रश्न हबक्कूक व काही स्तोत्रे विचारतात, तर निर्दोष ईयोब आपल्या दुःखाचा जाब देवाला विचारतो. योनाची तक्रार नेमकी उलट आहे. निनवेच्या क्रूर लोकांनी पश्चात्ताप केल्यावर देवाने त्यांना क्षमा केली, याचाच त्याला राग येतो. योनाचे पुस्तक देवाने विचारलेल्या प्रश्नावर संपते. योनाचे उत्तर त्यात नोंदलेले नाही.

नव्या करारातील मांडणी

येशूच्या दाखल्यांत हा विषय वारंवार येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराच्या दाखल्यात राजा एका चाकराचे दहा हजार तलांतांचे कर्ज माफ करतो. तोच चाकर आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी आणि एक तलांत सुमारे सहा हजार दिनारांचा धरल्यास माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. ज्याला दया मिळाली त्याने ती नाकारणे हीच या दाखल्यातील दुष्टता होय.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय या जकातदाराची कथा दया आणि नुकसानभरपाई यांची सांगड घालते. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. त्यानंतर जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. येथे दया आधी आणि न्यायाची पूर्तता नंतर येते, परंतु पूर्तता वगळली जात नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्रात ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणात देवाचा न्याय आणि दया एकत्र प्रकट झाल्याचे प्रतिपादन आहे. याच पत्रात सूड स्वतः घेऊ नये, तसेच दंड देण्याचा अधिकार राज्यसत्तेकडे असतो, असेही सांगितले आहे. वैयक्तिक क्षमा आणि सार्वजनिक न्यायव्यवस्था यांतील भेदासाठी या भागाचा आधार घेतला जातो.

धर्मशास्त्रीय मते

ऑगस्टीन (३५४–४३०) याने दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे असे मानले. त्यामुळे कोणताही माणूस स्वभावतःच दुष्ट ठरत नाही व त्याच्या सुधारण्याची शक्यता कायम राहते.

कँटरबरीचा अँसेल्म (१०३३–११०९) याने पापामुळे भंगलेल्या व्यवस्थेची भरपाई आवश्यक असून ती ख्रिस्ताने केली, असा सिद्धान्त मांडला. पीटर अबेलार्ड (१०७९–११४२) याने मात्र क्रुसावरील मरण हे प्रेमाचे दर्शन असून त्याने माणसाचे अंतःकरण बदलते, यावर भर दिला. थॉमस अक्वायनस याच्या मते दया न्यायाचा भंग करत नाही. शंभर नाणी देणे असलेल्याने पदरचे मोडून दोनशे दिली तर तो अन्याय नव्हे, औदार्य होय, असे उदाहरण तो देतो. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने देवाचे नीतिमत्त्व म्हणजे माणसाला श्रद्धेद्वारे मिळणारे दान, असा अर्थ लावला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० मध्ये दया या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढले. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हा काळ दयेचे विशेष वर्ष म्हणून पाळला. २०१८ मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचे नमूद करण्यात आले.

वसई–तारापूर किनाऱ्यावरील इतिहास

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले आणि मधल्या किनाऱ्यावरील तारापूर, केळवे-माहीम आदी ठिकाणी त्यांचे किल्ले उभे राहिले. या काळात दया आणि दंड या दोन्हींच्या संस्था येथे शेजारी शेजारी नांदत होत्या.

'मिझेरिकोर्दिया' म्हणजे दया. या नावाचा बंधुसंघ १४९८ मध्ये लिस्बनमध्ये स्थापन झाला व पोर्तुगीज वसाहतींत पसरला. वसईतही त्याची शाखा होती. भुकेल्यांना अन्न देणे, आजाऱ्यांची व कैद्यांची भेट घेणे, मृतांना मूठमाती देणे अशी चौदा दयाकृत्ये या संघाचे ध्येय होते. त्यांपैकी बरीच मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनावर आधारलेली आहेत. मृत्युदंड झालेल्यांना वधस्थानापर्यंत सोबत करणे हेही संघाचे काम असे.

दुसरीकडे, १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा अधिकार वसई-दमण प्रांतावरही चालत असे. धर्मांतरानंतर जुने विधी पाळणारे व अन्य संशयित यांना त्याने शिक्षा केल्या. १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये सत्याच्या नावाखाली चर्चच्या सदस्यांनी केलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ज्या संस्थेने दयेचा उपदेश केला तिलाच क्षमा मागावी लागली, म्हणून ही घटना या विषयाच्या चर्चेत उल्लेखनीय ठरते.

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे अन्य पंचवीस जणांसह क्रुसावर देण्यात आले. त्यांच्यासोबतच्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केल्याची नोंद आहे. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद देण्यात आले.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झालेली असतानाही तहात पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह व रहिवाशांना मालमत्तेसह जाण्याची मुभा देण्यात आली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली. या भागातील सामवेदी, वाडवळ, कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पुढेही येथेच टिकून राहिला.

मराठी ख्रिस्ती परंपरा

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पहिल्या पुराणात जुन्या कराराचा व दुसऱ्यात नव्या कराराचा विषय ओवीछंदात मांडला आहे. पापाचा उगम आणि तारणाची प्रतीक्षा हे विषय त्यामुळे मराठी भाविकांपर्यंत पुराणाच्या रूपात पोहोचले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीकमधून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगाव येथे चालवलेल्या गृहाचे नाव 'कृपा सदन' असे होते.

१९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २५ जुलै २०२४) यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. त्यातील नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या 'हरित वसई' चळवळीचे ते प्रमुख होते. जमीन व पाणी यांवरील स्थानिकांचा हक्क हा त्या चळवळीचा विषय होता.

हक्क आणि दान यांतील भेद

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, जे न्यायाने देणे आहे ते दान म्हणून देऊ नये, असे स्पष्ट केले. नव्या करारातील याकोबाचे पत्रही शेतमजुरांची अडवलेली मजुरी हा देवापर्यंत पोहोचणारा आक्रोश असल्याचे सांगते.

औद्योगिक प्रदेशांत या भेदाला विशेष महत्त्व आहे. बोईसर–तारापूर परिसरात १९६९ पासून अणुवीज केंद्र कार्यरत असून मोठी औद्योगिक वसाहतही आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली व त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयात गेला. कामगाराचे वेतन, अपघाताची भरपाई किंवा विस्थापिताचे पुनर्वसन या बाबी वरील शिकवणीनुसार न्यायाच्या कक्षेत येतात. त्या पूर्ण झाल्यानंतर जे दिले जाते, त्यालाच दया म्हणता येते.

मतभेद

क्षमेचा आग्रह पीडितांवर लादला गेल्यास अन्याय झाकला जातो, अशी टीका मुक्तीवादी व स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञांनी केली आहे. त्यांच्या मते सत्यकथन, दोषाची कबुली आणि भरपाई यांशिवाय समेट होऊ शकत नाही. सर्वांना अखेरीस क्षमा मिळेल की काहींचा कायमचा नाश होईल, याबाबतही ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. मात्र पश्चात्तापाचे दार जिवंतपणी कोणालाही बंद नसते, हे मत बहुतेक सर्व पंथांना मान्य आहे.