अभ्यासात लक्ष लागत नाही? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

परीक्षा जवळ आली की दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांत आणि पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठेच्या अभ्यासिकांत एकच तक्रार ऐकू येते : पुस्तक उघडं आहे, पण लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, ‘मनावरच घेत नाहीस.’ ऐकून ऐकून मुलंही स्वतःला आळशी समजू लागतात. हे अन्यायाचं आहे. लक्ष टिकणं बऱ्याच अंशी अभ्यासाची रीत, झोप आणि आजूबाजूचे व्यत्यय यांवर ठरतं, आणि या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

गैरसमज १ : हुशार मुलांचं मन भटकत नाही.
वस्तुस्थिती : मन सगळ्यांचंच भटकतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं जाई, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा मन भटकलं म्हणून स्वतःवर चिडू नका. शेजारी एक कोरा कागद ठेवा, आठवलेली गोष्ट त्यावर टिपा आणि सोडलेल्या ओळीवर परत या. सवयीने हे परत येणं लवकर जमू लागतं.

गैरसमज २ : सलग चार-पाच तास बसतो त्याचाच अभ्यास खरा.
वस्तुस्थिती : रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे सैनिक काही वेळाने खुणा का चुकवतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने घेतला. १९४८ मध्ये त्याने दाखवून दिलं, की एकसुरी कामात पहिल्या अर्ध्या तासातच सावधपणा घसरतो. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं चालणं हा वेळेचा अपव्यय नव्हे. फ्रान्सेस्को सिरिलो यांची २५ मिनिटं काम आणि छोटी विश्रांती ही ‘पोमोडोरो’ पद्धत अनेकांना सोयीची वाटते. पण २५ या आकड्यात जादू नाही. गणितात रंगलेल्या मुलाला गजर झाला म्हणून उठवू नये. मात्र भाषेचा पेपर तीन तासांचा असतो. तेवढा वेळ बसण्याचा सराव हवा, म्हणून शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

गैरसमज ३ : धड्याची पारायणं केली की तो डोक्यात बसतो.
वस्तुस्थिती : सर्वांत जास्त वेळ या समजुतीपायी वाया जातो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पाहा. एका गटाने चार सत्रांत तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा निकाल उलटा लागला : वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला जास्त आठवेल, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

लक्ष न लागण्याचं एक मोठं कारण इथेच सापडतं. ओळखीचा मजकूर वाचताना डोळे पुढे सरकतात आणि मन मोकळं सुटतं. हायलाइटरने पान पिवळं केलं तरी तेच होतं. उलट आठवून लिहायचं म्हटलं, की मनाला हजर राहावंच लागतं. विज्ञानातलं ‘गुरुत्वाकर्षण’ हे प्रकरण एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, केप्लरचे तिन्ही नियम आणि मुक्तिवेगाचं सूत्र स्वतः लिहा, मग पुस्तकाशी ताडून पाहा. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने हेच करा.

गैरसमज ४ : फोन सायलेंट केला, आता काही अडचण नाही.
वस्तुस्थिती : फोन हातात न घेताही नुसत्या नोटिफिकेशनच्या थरथरीने कामात चुका वाढतात, असं २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं. शिवाय एका कामावरून दुसऱ्यावर गेलं, की आधीचं काम मनात रेंगाळत राहतं. ‘फक्त दोन मिनिटं’ पाहिलेला मेसेज म्हणूनच बराच वेळ पिच्छा पुरवतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर बंद करून घरच्यांकडे द्या, आणि त्या वेळात घरच्यांनीही आपला फोन बाजूला ठेवावा.

गैरसमज ५ : झोप परीक्षेनंतर काढता येईल.
वस्तुस्थिती : दिवसा वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतही करतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना सांगते. या वयात झोप येण्याची वेळच उशिराकडे सरकते. म्हणून रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाला पहाटे चारला उठवणं हे दुहेरी नुकसान आहे. कॉफीचाही हिशेब ठेवा : रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन पहाटे दोनलाही शरीरात असतं.

गैरसमज ६ : कानात गाणी असली की अभ्यास चांगला होतो.
वस्तुस्थिती : शब्द असलेलं गाणं आणि वाचनातले शब्द एकमेकांच्या आड येतात. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, हा समज १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून पसरला. त्यात आकारांच्या कोड्यांपुरता आणि जेमतेम १०-१५ मिनिटांचाच फायदा दिसला होता. गाणी विश्रांतीच्या वेळेत जरूर ऐकावीत.

एक गोष्ट मात्र अभ्यासाच्या युक्त्यांनी सुटत नाही. कित्येक आठवडे झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो आळस समजू नये. डॉक्टरांना भेटावं. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

आणि पालकांना कळकळीची विनंती : ‘आज किती तास बसलास?’ हे विचारणं थांबवा. तासांचा हिशेब मागितला, की मुलं खुर्चीत बसून तो भरून देतात. त्याऐवजी ‘आज जे वाचलंस ते मला समजावून सांग’ असं म्हणा आणि पूर्ण ऐकून घ्या. सांगता सांगता त्यांची उजळणी होईल, आणि कुठे अडलंय तेही त्यांचं त्यांनाच कळेल.