यात्रामार्गापासून हाकेच्या अंतरावर

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियात सारिया गाव सोडलं की सान्तियागोची वाट ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून पोर्तोमारीनकडे निघते. बार्बाडेलोचं बाराव्या शतकातलं चर्च मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगडी बांध सुरू होतात. बांधावर, खांबावर, झाडाच्या बुंध्यावर पिवळे बाण रंगवलेले. चालणाऱ्याची नजर त्या बाणांवर खिळलेली असते. म्हणूनच बाण सोडून चिखलाच्या गाडीवाटेनं थोडं आत गेलं की लागणारं जुनं दगडी शेतघर कुणाच्या नजरेस पडत नाही.

यात्रेचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. येशूचा शिष्य सेंट जेम्स याची समाधी नवव्या शतकात सान्तियागोला सापडल्याची श्रद्धा, मध्ययुगातली प्रचंड वर्दळ, मग काही शतकांची ओहोटी. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात हे पिवळे बाण रंगवले आणि वाट पुन्हा जागी झाली. १९९३ मध्ये ती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. २०२४ मध्ये सान्तियागोला पोचल्याची नोंद जवळपास पाच लाख लोकांनी केली. प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात आणि सारिया सान्तियागोपासून त्याहून थोडंच लांब आहे. त्यामुळे सर्वाधिक गर्दी याच टापूत होते.

आणि याच टापूत घरं ओस पडताहेत.

हे घर दुमजली आहे. भिंती पाऊण मीटर जाड, पातळ थरांच्या करड्या दगडाच्या. फक्त कोपरे आणि चौकटी घडीव ग्रॅनाइटच्या. दारावरच्या आडव्या दगडात साल कोरलेलं आहे, पण शेवटचे दोन आकडे झिजून गेलेत. खाली गोठा, वर माणसांच्या खोल्या. गुरांची ऊब हिवाळ्यात लाकडी तक्तपोशीतून वर यायची. स्वयंपाकघरात जमिनीलगतची उघडी चूल, तिला इथे लारेइरा म्हणतात. शेजारच्या पाव भाजायच्या भट्टीचा गोल घुमट भिंतीबाहेर आलेला. अंगणात ओर्रेओ, म्हणजे खांबांवर उभी केलेली मक्याची कणगी. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दगडी चकती, उंदरानं चढू नये म्हणून. छपराच्या पाटीच्या दगडाच्या फरशा निम्म्या घसरल्यात आणि चेस्टनटची एक तुळई पावसानं कुजली आहे.

दुरुस्ती ज्या वयस्कर पाथरवटाकडे आहे, तो वडिलांच्या हाताखाली शिकला. आमच्यात दुभाषी होती मुक्कामाच्या ठिकाणची मुलगी, पण तो काम करायला लागला की तिची गरज उरत नव्हती. ढिगातला दगड उचलायचा, हातोड्यानं हलकेच ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर भिंतीत, बद्द वाजला तर बाजूला. मग तो हातात फिरवून त्याचे थर बघायचे. खाणीत दगड जसा आडवा निजलेला असतो तसाच भिंतीतही निजवायचा. उभा लावला तर काही हिवाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. दर थोड्या अंतरावर भिंतीच्या जाडीतून आरपार जाणारा एक लांब दगड हवाच, कारण दोन्ही अंगांना तोच बांधून ठेवतो.

त्याचा खरा राग सिमेंटवर. मागे कुणीतरी या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरल्या. आतला गाभा मातीचा, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. भिंतीला पोट आलं. आता ती सगळी उतरवून, दगडांवर क्रमांक टाकून, माती-चुन्यात पुन्हा रचायची आहे.

क्रमांकावरून त्यानं पोर्तोमारीनचा विषय काढला. १९६० च्या दशकात मिन्यो नदीवरच्या बेलेसार धरणात जुनं गाव बुडालं. त्याआधी तिथलं चर्च दगड न् दगड सुटा करून टेकडीवर नव्यानं उभारलं. त्याच्या दगडांवर ते आकडे अजून दिसतात. यात्रेकरू त्यांचे फोटो काढतात. शेतकऱ्यांची घरं मात्र तळाशी राहिली, पाणी ओसरलं की त्यांच्या भिंती वर येतात. चर्च वाचवलं हे उत्तमच झालं. पण घडीव दगडाला जी माया मिळते ती साध्या दगडाला मिळत नाही, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

गालिसियाच्या पाथरवटांची एक चोरभाषाही होती, मालकासमोर आपापसांत बोलायची. त्याला तिचे थोडे शब्द येतात, पण समजणारं जोडीला कुणी नाही. पोंतेवेद्राजवळ पोयो इथे पाथरवटांची शाळा आहे, तिथून तरुण शिकून बाहेर पडतात. पण अशा शेतघरांच्या मालकांना त्यांची मजुरी परवडायला हवी.

आणि मालक तरी कोण? विसाव्या शतकात इथली माणसं बोटी भरभरून अर्जेंटिना आणि क्युबाला गेली, नंतर स्वित्झर्लंड-जर्मनीला. या घराचेही वारस ब्युनोस आयर्सपासून बार्सिलोनापर्यंत पांगलेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस नावं असली की विहिरीचा गाळही निघत नाही, तसंच इथलं. शिवाय वाटेच्या संरक्षित पट्ट्यात असल्यानं बाहेरून काही बदलायचं तर वारसा खात्याची परवानगी लागते. नियम हवाच, त्यानं ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि सिमेंटचे पत्रे रोखले जातात. पण परवानगीचा कागद फिरत असताना छप्पर गळायचं थांबत नाही, हे खटकतं.

वारसांपैकी गावात राहिलेल्या एकाला इथे यात्रेकरूंसाठी चार खोल्या काढायच्या आहेत. भट्टी पाडून तिथे न्हाणीघर करायचा त्याचा बेत होता. पाथरवटानं काम सोडून जायची धमकी दिली, तेव्हा न्हाणीघर गोठ्याच्या बाजूला सरकलं. छपरासाठी चेस्टनटचे वासे येऊन पडलेत. आता परदेशातल्या एका चुलत बहिणीची सही यायची आहे. ती पावसाळी थंडी सुरू व्हायच्या आत आली, तर उत्तरेची भिंत यंदाच उतरवता येईल.