गर्भवतीची खासगी हकीकत

सटाण्यांतील एखाद्या घरीं आशासेविका गर्भवतीची नोंद करावयास येते, तेव्हां पुष्कळदां उत्तरें सासूबाईच देतात! नवरा मारतो काय, त्याचे अन्यत्र संबंध आहेत काय, हें त्यांच्यासमोर सून कसें सांगणार? तें कळणें मात्र अगत्याचें. उपदंश झालेली गर्भवती पेनिसिलीननें बरी होते. पण नवरा उपचाराविना राहिला, तर रोग तिला पुन्हां जडतो व गर्भासही बाधतो. मारहाण असेल, तर २००५ च्या कायद्यान्वयें संरक्षण अधिकाऱ्याचें साहाय्य मिळतें. म्हणून हे प्रश्न एकांतांत विचारावे. जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत विधवांच्या प्रसूतीची सोय केली, ती गुप्ततेच्या हमीवरच. एका बाबतींत मात्र गुप्तता राहत नाहीं: गर्भवती अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ च्या कायद्यानें पोलिसांस कळविणें भाग आहे. सेविकेनें हें तिला बोलतें करण्यापूर्वींच सांगावें.