माडावरचा माणूस आणि खालचा हिशेब

माडाला कल्पवृक्ष म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. खोबरे, काथ्या, झाप, शहाळे, माडी असे त्याचे देणे आपण बोटांवर मोजून दाखवतो. हे देणे वरून खाली आणणारा माणूस त्या मोजणीत सहसा नसतो. गोव्यात आणि तळकोकणात नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. माडाचा रस काढणारा गोव्यात रेंदेर होतो. मुंबई-कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते. ‘हल्ली पाडेली मिळत नाही,’ ही तक्रार आज नारळाच्या प्रत्येक आगरात ऐकू येते आणि तिच्यामागोमाग ‘नव्या पिढीला कष्ट नकोत’ हा निकालही येतो. हा निकाल कितपत खरा, हे पाहायचे तर आधी चढण्याचे काम नीट पाहावे लागते.

नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने लागतात. पण माडाला साधारण महिन्याला एक पोय येत असल्याने काढणी दर दीड-दोन महिन्यांनी होते. म्हणजे पाडेली एका माडावर वर्षात सहा ते आठ वेळा चढतो. रस काढणाऱ्याचे गणित याहून अवघड आहे. न उमललेली पोय बांधून, ठोकून, तिचे टोक रोज कातीने तासावे लागते, नाहीतर रस आटतो. गोव्यातला रेंदेर त्यासाठी एकाच माडावर दिवसातून तीनदा चढतो : सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय तासायला. समजा त्याच्याकडे बारा मीटर उंचीचे वीस माड आहेत. तर त्याची दिवसाची चढण 720 मीटर होते. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे 85 मीटर उंच आहे. तो रोज आठ वेळा चढूनही ही चढण पुरी होत नाही, आणि इथे जिना नाही.

जिना नाही, तशी फांदीही नाही. आंबा, वड, चिंच अशा झाडांवर काम करणारा प्रशिक्षित माणूस खालूनच दोर भक्कम फांदीवरून टाकतो, कंबरपट्ट्याला अडकवतो आणि मग चढतो. पाय घसरला तरी दोर त्याला धरतो. माडाला शेंड्यापर्यंत दोर टाकायला जागाच नाही. चढणाऱ्याला धरणारे दोनच : त्याचे स्वतःचे हातपाय आणि पायांत अडकवलेला दोरीचा वेढा. अनेक ठिकाणी खोडाला खाचा पाडतात. त्यातही एक मेख आहे. माडाचे खोड आंब्यासारखे वर्षागणिक जाड होत नाही, त्यामुळे त्याची जखम कधीच भरून येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी पाडलेली खाच आजही उघडीच असते. तिच्यात पाणी मुरते, कीड शिरते, आणि त्याच खाचेवर आजचा माणूस पाय ठेवतो.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र खोड नव्हे, शेंडा. तिथे पोचल्यावर खोडाची मिठी सोडून चुडतांच्या देठांना धरून वर सरकावे लागते. खालची चुडते जुनी. वरून धड दिसणारा देठ बुडाशी सुटलेला असू शकतो. सोंड्या भुंग्याने शेंडा आतून पोखरला असेल तर बाहेरून पत्ताही लागत नाही. म्हणून जाणकार चढणारा आधी देठ हलवून पाहतो आणि एकाच देठावर सगळा भार टाकत नाही. त्यातच गांधीलमाशांचे पोळे असते. जवळून विजेची तार गेलेली असेल तर ओले चूड तिच्यावर पडण्याचे भय असते. कमरेच्या आकडीत धारदार कोयता असतोच. पंधरा मीटरवरून सुटलेला माणूस पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो. वाचला तरी कण्याला होणारी इजा त्याला जन्मभर जखडू शकते.

पोफळीचे काम आणखी वेगळे. सडपातळ खोडावर चढलेला माणूस झोका घेत शेजारची पोफळ पकडतो आणि खाली न उतरता पुढे जातो. पाहणाऱ्याला ही कसरत वाटते. प्रत्यक्षात ती वेळ आणि श्वास वाचवण्याची युक्ती आहे. कोळे रोगापासून सुपारी वाचवायची तर बोर्डो मिश्रणाची एक फवारणी पावसाआधी आणि दुसरी ऐन पावसाळ्यात करावी लागते. म्हणजे खोड जेव्हा सर्वांत निसरडे असते, तेव्हाच वर जावे लागते.

अशा कामाचे मोल बहुतेक ठिकाणी झाडामागे ठरते. आठ मीटरचा माड आणि अठरा मीटरचा माड बऱ्याचदा एकाच दरात. साहजिकच जितकी झाडे जास्त, तितकी मिळकत जास्त. देठ हलवून पाहायला, पाऊस थांबायची वाट पाहायला, खोड वाळू द्यायला लागणारा वेळ चढणाऱ्याच्या खिशातून जातो. पडल्यावर आपण ‘त्याचे नशीब’ म्हणतो. पण घाई करायला लावणारा दर नशिबाने ठरवलेला नसतो.

कामाच्या कपाळी हलकेपणाचा शिक्काही होता. 1878च्या मुंबई अबकारी कायद्यापासून रस काढणारा परवान्याच्या आणि कराच्या जाळ्यात आला, 1949च्या दारूबंदी कायद्याने ते आणखी आवळले. केरळात नारायण गुरूंनी ईळव समाजाला दारू गाळण्या-विकण्यापासून दूर व्हायला सांगितले. तमिळनाडूतल्या नाडार समाजाच्या उत्कर्षात ताडावरून उतरून व्यापार-शिक्षणाकडे वळणे हा मोठा टप्पा होता. झाडावरून उतरणे हा आळस नव्हता. कित्येकांसाठी ती सुटका होती.

केरळाने या टंचाईकडे कौशल्याचा प्रश्न म्हणून पाहिले. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांनी घडवलेले पायांनी चालवायचे शिडीयंत्र तिथे रुळले. 2011मध्ये नारळ विकास मंडळाने ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाने तरुण-तरुणींना त्या यंत्राचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केर सुरक्षा’ ही अपघात विमा योजनाही आहे. जातीने ठरणारे काम शिकून घेण्याचे काम झाले, आणि बायकाही माडावर चढू लागल्या, हा त्यातला मोठा बदल.

पण यंत्र प्रत्येक माडाला नव्याने बांधावे आणि सोडावे लागते. दर झाडामागेच राहिला तर तो वेळही चढणाऱ्याच्याच माथी बसतो आणि यंत्र पडवीत गंजत पडते. आपल्या बागायतदारांनी दर उंचीनुसार लावला, पावसाच्या दिवसाचा खाडा सोसला, विम्याचा हप्ता आगराच्या खर्चात धरला, तर नारळ थोडा महाग पडेल. आज तो स्वस्त दिसतो, कारण फरकाची रक्कम चढणारा आपल्या कण्यावर भरतो आहे. ‘पाडेली मिळत नाही’ या तक्रारीचे उत्तर नव्या पिढीच्या आळसात शोधण्याआधी आगराच्या वहीत शोधायला हवे.