एका सरीच्या दोन वाटा

आषाढातली सर चिखलदऱ्याच्या माथ्यावर कोसळते. एक थेंब उत्तरेला घरंगळतो, दुसरा दक्षिणेला. पुढे त्यांचे काय होते?

उत्तरेचा थेंब सिपना नदीत शिरतो आणि तापीला मिळतो. दक्षिणेचा चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांनी मैदानात उतरून पूर्णेत जातो. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, बरे का, आपल्या दर्यापूरची! जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला भेटते. ताटातूट झालेले थेंब तेथे पुन्हा एकत्र येतात आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्र गाठतात.

कोरकू बोलीत सिपना म्हणजे साग. नदीला नाव झाडाचे, आणि नदीचे जगणेही झाडांवरच! मेळघाटचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. मुरते ते पाचोळ्याखालच्या मातीत, तेथून हळूहळू झिरपते. उन्हाळ्यात धार तुटते, उरतात ते डोह. सेमाडोहच्या नावातच डोह आहे, पाहा. मग सांबर, गवा, अस्वल, वाघ, सारे त्याच पाण्यावर येतात. पहाटे काठच्या ओल्या वाळूवर रात्रीची हजेरी वाचता येते. याच रानात रानपिंगळा राहतो. हे छोटे घुबड नामशेष झाले असे मानत. १९९७ साली ते शहाद्याकडे पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाटातही आढळले. व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा, १९७३-७४ साली, पहिल्या नऊ रानांत मेळघाट होते.

“वाघ राहिला डोंगरात, आम्हाला त्याचे काय?” असे कोणी म्हणेल. अहो, पूर्णाकाठी आपला खारपाणपट्टा. विहीर खणावी तर पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, तहान भागत नाही. तेथल्या कित्येक गावांना नळाने गोडे पाणी येते ते शहानूर आणि वान धरणांतून. या दोन्ही नद्या मेळघाटच्याच लेकी! रानाला वणवा लागला की पाचोळा जळतो, उघडी माती पहिल्या पावसात वाहते, डोह आणि धरण गाळाने भरते. मासे धरण्यासाठी कोणी डोहात विष कालवले, तर पाण्यावर आलेले जनावरही मरते.

गुरुजी, शाळेत एक प्रयोग करा. मातीचे दोन उतार रचा. एकावर पाचोळा पसरा, दुसरा उघडा ठेवा. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली आलेले पाणी दोन पेल्यांत धरा. कोणता पेला गढूळ, ते मुलांनाच सांगू द्या. रान कशासाठी राखायचे, हे मग निराळे शिकवावे लागणार नाही.