ऊतिसंवर्धनाचीं रोपें व वाणाची सुधारणा

केळीच्या बागाइतदारांत अशी एक समजूत आढळते कीं, ऊतिसंवर्धनाचें, म्हणजे बाजारांत ज्यास 'टिश्यू कल्चर' म्हणतात तें, रोप सुधारलेल्या वाणाचेंच असावयाचें. ही समजूत बरोबर नाहीं. तिच्या पायीं पैसा व हंगाम दोन्ही वायां जाण्याचा संभव असल्यामुळें येथें तिचा थोडा खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लागवडीच्या केळींत बीं धरत नाहीं. तिची वाढ मुनव्यांपासून होते. ऊतिसंवर्धनांत निवडक मातृझाडाच्या मुनव्याचा कोंवळा गाभा कापून निर्जंतुक करितात व साखर, क्षार आणि वाढीचीं द्रव्यें घातलेल्या खाद्यावर कांचेच्या बाटलींत ठेवितात. सध्यां सर्वत्र प्रचारांत असलेलें ह्या खाद्याचें मिश्रण मुराशिगे व स्कूग ह्या शास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. खाद्यांत सायटोकायनिन अधिक असल्यास कोंब फुटतात, ऑक्झिन अधिक असल्यास मुळ्या सुटतात. कोंब वेगळे करून पुन्हां नव्या खाद्यावर ठेवीत गेल्यानें एका गाभ्यापासून शेंकडों रोपें होतात. पुढें हरितगृहांत व सावलीच्या जाळीखालीं कांहीं आठवडे ठेवून तीं कणखर झाल्यावर शेतांत लावितात.

महसूल दप्तरांत नकला करण्यांत आमची हयात गेली. नक्कल कितीहि सुवाच्य असली तरी मूळ उताऱ्यांतील चूक तिच्यांत जशीच्या तशी उतरते. ह्या रोपांचेंहि तसेंच आहे. मातृझाड भरघोस घडाचें असेल तर तो गुण रोपांत येतो. त्यांत हरण्या रोगाचा अथवा पर्णगुच्छाचा विषाणु असेल तर तोहि येऊं शकतो. वाढीच्या अगदीं टोंकाचा सूक्ष्म भाग घेतल्यास विषाणुमुक्त झाड मिळवितां येतें, हें मोरेल व मार्टिन ह्यांनीं फ्रान्समध्यें १९५२ सालीं डेलियावर दाखविलें. तथापि चांचणीवांचून केवळ बाटलींतून आलें म्हणून रोप निरोगी समजूं नये. शिवाय कोंबांची विभागणी फार वेळां केल्यास नकलेंतच नव्या चुका शिरतात व कांहीं रोपें खुजीं अथवा विकृत निघतात.

वाणाची सुधारणा ही निराळी गोष्ट. ती संकर व निवड ह्यांनीं साधते. परंतु त्या कामींहि बाटलीचें साह्य होतें. दिल्ली विद्यापीठांत शिप्रा गुहा व माहेश्वरी ह्यांनीं १९६४ सालीं धोतऱ्यासारख्या औषधी झाडाच्या परागकोशांपासून गर्भ उत्पन्न केले. अशा गर्भांपासून झालेल्या रोपांत गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्याकडील कळलावींतहि सांपडणाऱ्या कॉल्चिसिन ह्या द्रव्यानें तो दुप्पट केला म्हणजे, एरव्हीं अनेक पिढ्या निवड करून मिळणारी शुद्ध ओळ एकाच पिढींत हातीं येते. भात व गहूं ह्या पिकांत ही रीति उपयोगांत आणिली गेली आहे.

रोपांची मागणी नोंदवितांना, मातृझाड कोणतें, विषाणूची चांचणी झाली काय व प्रमाणपत्राची चिठ्ठी आहे काय, हें विचारावें. केन्द्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ सालीं ह्या रोपांसाठीं प्रमाणीकरणाची पद्धति सुरू केली आहे. पावती व चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपावी. निरोगी रोपासहि शेतांत माव्यामार्फत हरण्या जडतो. म्हणून केळींत काकडी, भोपळा लावूं नये व रोगट झाड दिसतांच उपटून नष्ट करावें. वाचकांनीं एवढी दक्षता बाळगावी, अशी आमची विनंती आहे.