करखात्याची नोटीस आली तर वकील कसा निवडावा?

बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई येथील बाजारपेठांत आमचे अनेक बांधव कापड, भुसार, लाकूड आणि भंगाराचा व्यापार करतात. धंद्यात ते मुरलेले आहेत. परंतु करखात्याची नोटीस आली की गोंधळून जातात आणि जो भेटेल त्याच्या हाती कागद सोपवून मोकळे होतात. नुकसान येथूनच सुरू होते.

विक्रीकराच्या काळात नोटीस कागदावर दुकानात येत असे. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. लागू झाला आणि नोटिसा व आदेश पोर्टलवर येऊ लागले. त्याची सूचना नोंदणीत दिलेल्या मोबाईलवर व ई-मेलवर जाते. पुष्कळ दुकानदारांच्या नोंदणीत हा नंबर रिटर्न भरून देणाऱ्याचाच असतो. त्याने काम सोडले किंवा दुर्लक्ष केले, तर आदेश निघूनही मालकाला पत्ता नसतो. बँकेचे खाते गोठले म्हणजे मग धावाधाव होते.

जी.एस.टी. कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखविल्यास आणखी १ महिना मिळतो. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्यालाही नाही. अपिलासोबत मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादातील कराच्या १० टक्के भरावे लागतात. वाद ४ लाखांच्या कराचा असेल तर ४० हजार रुपये. ते भरले की बाकीची वसुली स्थगित होते. एवढा दिलासा केवळ मुदत चुकल्याने हातचा जातो.

मग कोणाला नेमावे? नियमित रिटर्नसाठी जी.एस.टी. प्रॅक्टिशनर पुरेसा आहे. नोटिशीचे उत्तर, सुनावणी व पहिले अपील यांत वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंटही बाजू मांडू शकतो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले तर मात्र ते वकिलाचेच काम.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणून ज्यांची अपिले चालली अशा मोंढ्यातील दोन-तीन व्यापाऱ्यांकडे चौकशी करावी. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद विचारण्यात संकोच करू नये. आपल्याच धंद्यातला एखादा प्रश्न घालून पाहावा. उदाहरणार्थ, १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतल्यास त्यावरील कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो भंगारवाल्याचे प्रकरण काय चालविणार?

उत्तर, सुनावणी आणि अपील यांची फी वेगवेगळी ठरवून लिहून घ्यावी. वाचलेल्या रकमेत हिस्सा मागणे वकिलीच्या नियमांत बसत नाही. "साहेब आपलेच आहेत, रोख द्या, काम होईल" असे म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. कर आपल्याच नावाच्या चलनाने भरावा व पावती जपून ठेवावी.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. वही आणि बिले चोख नसतील तर नामांकित वकीलही काही करू शकत नाही. व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच की, आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या नोंदणीत कोणाचा मोबाईल नंबर आहे ते पाहावे. दुसऱ्याचा असेल तर आधी तो बदलून घ्यावा.